भलताच माणूस

लेफ्टनंट चार्ल्स एअर्स्ट, पुणे, १८९७. मिसेस केनेडी आणि त्यांची मुलगी, मुझफ्फरपूर, १९०८. डॉ. कावसजी लालकाका, लंडन, १९०९. अर्नेस्ट डे, कलकत्ता, १९२४. जॉन साँडर्स आणि हेडकॉन्स्टेबल चननसिंग, लाहोर, १९२८.

या सात माणसांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. त्यांना एका यादीत बसवणारी गोष्ट एवढीच, की त्यांच्यापैकी कुणालाच मारायचं ठरलेलं नव्हतं. ठरलं होतं ते दुसऱ्याला मारायचं. पण गाडी सारखीच दिसली, अंधार होता, कुणी मध्ये पडलं, कुणी पाठलाग केला, आणि भलताच माणूस मेला. मारणारे सगळे तिशीच्या आतले होते. खुदीराम बोस तर अठरा वर्षांचा होता.

हिंदुस्थानातल्या सशस्त्र क्रांतिकारकांनी आपल्या कृत्याचा अर्थ कसा लावला, यावर आपल्या सगळ्याच भाषांत भरपूर लिहिलं गेलं आहे. त्यातलं बरंचसं ज्याला मारायचं ठरवलं होतं त्याच्याभोवती फिरतं. रँडनं काय केलं, किंग्जफर्डनं कुणाला फटके मारवले, लाला लजपतरायांवर लाठ्या कुणी चालवल्या. हा भाग सांगायला सोपा असतो. त्या माणसाचा गुन्हा आधी सांगायचा, मग त्याला मारणं ही त्या गुन्ह्याची शिक्षा ठरते आणि मारणारा न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो. पण भलताच माणूस मेला की ही मांडणी कोसळते. त्याच्यावर आरोप नव्हता, त्याचा खटला या तरुणांनी मनातल्या मनातही चालवला नव्हता. मग त्याच्या मरणाबद्दल ते काय म्हणाले? त्यांची नैतिक समज कुठवर पोचली होती हे मला या जागी जास्त स्पष्ट दिसतं. म्हणून हा इतिहास मी इथून वाचते आहे.

आधी शब्दांचं थोडं बघू. माणूस मारण्याला मराठीत खून, हत्या आणि वध असे तीन शब्द सहज सुचतात. खून हा कोर्टाचा शब्द. हत्येला पापाचा वास आहे. ब्रह्महत्या, गोहत्या, बालहत्या. वध मात्र दुष्टाचाच होतो. कंसवध, जरासंधवध, अफझलखानाचा वध. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ रंगभूमीवर आलं तेव्हा कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांनी बरोबर ओळखलं, आणि १९१० साली सरकारनंही ते ओळखून नाटकावर बंदी घातली. ‘वध’ या शब्दात मेलेल्याचा अपराध आधीच सिद्ध झालेला असतो. गांधीजींच्या खुनाला कुणी ‘वध’ म्हटलं की आजही मराठीत भांडण पेटतं ते यामुळेच. रँडचा वध झाला असं मराठीत सर्रास लिहितात. एअर्स्टचा वध झाला असं लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. एअर्स्ट ‘ठार झाला’ किंवा ‘मारला गेला’. एकाच रात्री, एकाच रस्त्यावर दोघांना गोळ्या लागल्या, पण भाषेनं त्यांची वाटणी केली.

ती रात्र २२ जून १८९७ ची. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावर समारंभ होता. त्याआधीचे काही महिने पुण्यात प्लेग होता. फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला होता आणि प्लेग कमिटीचा प्रमुख म्हणून आलेल्या वॉल्टर चार्ल्स रँडनं घरोघरच्या झडतीसाठी गोरे सोल्जर लावले होते. देवघरात बूट शिरले, बायकांची तपासणी झाली, सामान जाळलं गेलं, अशा तक्रारींनी शहर धुमसत होतं. समारंभाहून परतणाऱ्या रँडच्या गाडीवर मागून चढून दामोदर चापेकरनं गोळी झाडली. ठरल्याप्रमाणे बाळकृष्णही त्याच गाडीवर गोळी झाडणार होता, पण तो मागे राहिला. मागच्या गाडीतली माणसं आपसांत कुजबुजताहेत असा त्याला संशय आला आणि त्यानं त्या गाडीत गोळी झाडली. एअर्स्ट जागीच गेला. रँड ३ जुलैला ससून रुग्णालयात मेला.

म्हणजे एअर्स्ट मेला तो एका कुजबुजीच्या संशयावरून.

दामोदरनं येरवड्याच्या तुरुंगात मराठीतून आपली हकिकत लिहिली. सरकारनं ती इंग्रजीत करून घेतली. ते भाषांतर मुंबई सरकारनं प्रसिद्ध केलेल्या स्वातंत्र्यलढ्याच्या साधनग्रंथात १९५८ साली छापलं गेलं आणि मराठी मूळ त्यानंतर पुस्तकरूपानं आलं. हरिभाऊ कीर्तनकाराचा हा मुलगा लहानपणी बापामागे साथ करायचा, सैन्यात जायची स्वप्नं बघायचा, मुलं जमवून तालीम करायचा. त्याच्या हकिकतीत शत्रू पुष्कळ आहेत, आणि ते सगळे गोरे नाहीत. समाजसुधारकांवर त्याचा राग इंग्रजांइतकाच आहे. धर्म बुडतो आहे आणि तो बुडवणारे सगळे एका माळेचे मणी आहेत, असं त्याचं जग. अशा जगात एअर्स्टला वेगळी जागा नाही. तो भलता माणूस ठरत नाही, कारण गाडीत बसलेला कुणीही साहेब पुरेसा साहेब होता.

त्या दिवसांत पुण्यात हिंसेच्या नीतीवर जाहीर चर्चा चालू होती. त्याच जून महिन्याच्या मध्यावर शिवाजी उत्सवात अफझलखानाच्या प्रसंगाचा विषय निघाला आणि टिळकांचं भाषण १५ जूनच्या ‘केसरी’त आलं. मांडणी गीतेची होती: फळाची इच्छा न धरता, लोकहितासाठी केलेल्या कृत्याचं पाप लागत नाही. रँडच्या खुनानंतर याच मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि दीड वर्षाची शिक्षा झाली. भाषण आणि गोळी यांचं थेट नातं जोडायचा मोह सरकारला झाला, तसा तो आपल्यालाही होऊ शकतो. मला तो जोडायचा नाही. मला त्या युक्तिवादाची मर्यादा दाखवायची आहे. निष्कामतेची कसोटी मारणाऱ्याच्या मनाला लावायची असते. त्याला स्वार्थ होता का, लोभ होता का, एवढं ती तपासते. चापेकर बंधूंना स्वार्थ नव्हता हे त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावं लागेल. पण मेलेला माणूस कोण होता, हा प्रश्न त्या कसोटीत बसतच नाही. मनानं पूर्ण निष्काम असलेल्या माणसाच्या हातूनही एअर्स्ट मरू शकतो.

दामोदरला १८ एप्रिल १८९८ ला फाशी झाली. धाकटा वासुदेव तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा. माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंना त्यानं आणि महादेव रानडेनं फेब्रुवारी १८९९ मध्ये गोळ्या घातल्या आणि त्याच मे महिन्यात वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण, तिघंही फासावर गेले.

अकरा वर्षांनी मुझफ्फरपूरला हा प्रश्न टाळता येण्यासारखा राहिला नाही. ३० एप्रिल १९०८ च्या रात्री खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी एका घोडागाडीवर बॉम्ब फेकला. गाडी डग्लस किंग्जफर्डची आहे अशी त्यांची समजूत होती. किंग्जफर्ड कलकत्त्याला मॅजिस्ट्रेट असताना त्यानं सुशील सेन नावाच्या पोरसवदा मुलाला फटक्यांची शिक्षा दिली होती. गाडीत निघाल्या प्रिंगल केनेडी या वकिलाची बायको आणि मुलगी. दोघी गेल्या. हा केनेडी मोगल बादशहांचा इतिहास लिहिणारा माणूस. त्या काळच्या राजकारणात त्याच्या घरावर कुणी बॉम्ब टाकावा असं काही नव्हतं. प्रफुल्लनं पकडलं जाण्याआधी स्वतःवर गोळी झाडली. खुदीराम दुसऱ्या दिवशी वैनी स्टेशनवर सापडला आणि त्यानं सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली. दोन बायका मेल्याचं कळल्यावर त्याला वाईट वाटलं, असं त्याच्याविषयीच्या बहुतेक हकिकतींत येतं.

त्याचा जबाब ज्या भाषेत झाला त्या भाषेत तो नोंदला गेला नाही. खुदीराम बंगाली बोलत होता आणि कागदावर इंग्रजी उतरत होतं. आरोपीच्या मातृभाषेत जबाब घेतला नाही, हा मुद्दा हायकोर्टातल्या अपिलात वकिलांनी काढला. तो टिकला नाही. भाषांतराच्या धंद्यात असलेल्या माणसाला हा मुद्दा नुसता तांत्रिक वाटत नाही. ‘मी मारलं’ आणि ‘माझ्या हातून मेल्या’ यांत मराठीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ‘हातून’ म्हटलं की कृत्य आपलं असतं, पण मन त्यात नसतं. आपण कप फुटल्याचंही असंच सांगतो. इंग्रजीत हे एका शब्दात सांगायची सोय नाही. तिथे हेतू होता की नव्हता हे वेगळं सिद्ध करावं लागतं. आपल्या भाषांत पश्चात्तापाची पहिली पायरी व्याकरणातच असते, आणि सरकारी भाषांतरात ती पायरी निखळते.

पुढे खुदीरामवर बंगालीत एक गाणं झालं. आईचा निरोप घेणाऱ्या मुलाचं ते गाणं बंगालभर आजही म्हटलं जातं. गाण्यात ही चूक लपवलेली नाही. पण किंग्जफर्डच्या जागी त्यात व्हाइसरॉय आला आहे आणि दोन बायकांच्या जागी इंग्लंडचा कुणी एक रहिवासी. बंगाली क्रियापद मारणाऱ्याच्या पुरुषाप्रमाणे चालतं, त्याला लिंग नाही, त्यामुळे तिथे हे खपून जातं. मराठीत भूतकाळातलं सकर्मक क्रियापद मेलेल्याच्या मागे जातं: साहेब मारला, बाई मारली, दोघी मारल्या. ते गाणं मराठीत आणणाऱ्याला या तिन्हींतलं एक निवडावंच लागेल. जे बंगाली लोकगीताला झाकता आलं ते मराठी व्याकरण झाकू देणार नाही. गाण्यानं असं का केलं हे समजणं अवघड नाही. अठरा वर्षांचा मुलगा फासावर जाताना आईला निरोप देतो आहे, आणि त्याच ओळींत दोन मेलेल्या बायका मावत नाहीत.

मुझफ्फरपूरचे पडसाद महाराष्ट्रात लगेच उमटले. ‘केसरी’नं बॉम्बवर लेख लिहिले, ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे त्यांतले दोन. दोन निरपराध बायकांच्या मरणाची नोंद टिळकांनी घेतली, पण तरुणांची डोकी अशी फिरतात त्याची जबाबदारी त्यांनी राज्यकर्त्यांवर टाकली. जुलै १९०८ मधल्या खटल्यात टिळकांनी स्वतःचं काम स्वतः चालवलं, आणि आपल्या लेखांची सरकारी भाषांतरं चुकीची आहेत हा त्यांच्या बचावाचा मोठा भाग होता. सरकारी भाषांतरकाराला त्यांनी शब्दाशब्दावर उलटतपासलं. शिक्षा सहा वर्षांची झाली, आणि मंडालेच्या तुरुंगात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं. कर्माच्या नीतीवरचा मराठीतला सगळ्यात मोठा ग्रंथ ज्या कैदेत लिहिला गेला तिची सुरुवात, मागे मागे जात गेलं तर, त्या भलत्या घोडागाडीपाशी पोचते.

१ जुलै १९०९ ला लंडनमध्ये मदनलाल धिंग्रानं कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या. मध्ये पडलेले डॉ. लालकाका हे शांघायहून आलेले पारशी गृहस्थ, तेही गेले. धिंग्राचा युक्तिवाद तोवरच्या सगळ्यांपेक्षा सुटसुटीत होता. जर्मनांनी इंग्लंड घेतलं तर त्यांच्याशी लढणं ही इंग्रजाची देशभक्ती. मग आमची का नाही? इंग्रजी कोर्टाला आपल्याला शिक्षा द्यायचा अधिकारच नाही, असं सांगून त्यानं वकील नाकारला. पण लालकाकांची गोष्ट निघाली तेव्हा तो म्हणाला की त्या माणसाला आपण ओळखत नव्हतो, तो पकडायला पुढे आला म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली. जे कोर्ट तो मानत नव्हता त्याच कोर्टाच्या कायद्यातला हा बचाव आहे. वायलीच्या मरणासाठी त्याच्याकडे दोन राष्ट्रांच्या युद्धाची भाषा होती. एका हिंदी डॉक्टरच्या मरणासाठी ती पुरली नाही, कारण त्या युद्धात हा डॉक्टर शत्रूच्या बाजूला बसत नव्हता. मग त्याला दुसरी भाषा शोधावी लागली आणि जवळ होती ती कायद्याची.

धिंग्राच्या नावानं प्रसिद्ध झालेलं शेवटचं निवेदन सावरकरांनी लिहून दिलं होतं असं मानलं जातं. लालकाकांबद्दलचं हे बोलणं मात्र लिहून दिलेलं वाटत नाही.

लंडनमधल्या या प्रकारावर गांधीजींनीही लिहिलं. धिंग्रा एका वेडानं झिंगला होता, खरा दोष त्याला झिंगवणाऱ्यांचा, असं त्यांचं म्हणणं. ‘हिंद स्वराज’ त्याच वर्षी नोव्हेंबरात बोटीवर लिहिलं गेलं आणि धिंग्राचा उल्लेख त्यातही आहे. गांधीजींचा निषेध मला समजतो. पण त्यात तरुणाची विचार करायची ताकदच नाकारली जाते. धिंग्रा शुद्धीवर होता. लालकाकांसाठी वेगळं कारण द्यावं लागतं हे त्याला कळत होतं.

त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. बदली होऊन निघालेल्या कलेक्टर जॅक्सनला तिथे अनंत कान्हेरेनं गोळ्या घातल्या. बाबाराव सावरकरांना झालेल्या जन्मठेपेचा हा सूड होता. इथे माणूस चुकला नाही, पण ‘बरोबर माणूस’ म्हणजे काय याची पंचाईत नाशिकनं दाखवून दिली. जॅक्सन संस्कृत जाणणारा. कोकण आणि गुजरातच्या खेड्यांतून त्यानं लोकरीती, समजुती, देवदेवस्की यांची माहिती गोळा करवली होती. ती त्याच्या मागे एन्थोवेननं ग्रंथरूपात आणली. बाबारावांचं प्रकरण पुढे पाठवणारा अधिकारी आणि आपल्या आजीच्या तोंडच्या समजुती लिहून ठेवणारा हा एकच माणूस. अठरा वर्षांच्या, औरंगाबादला शिकणाऱ्या कान्हेरेला यातला पहिलाच ठाऊक होता. तो, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले.

भलत्या माणसाबद्दल सगळ्यात सरळ बोलला तो गोपीनाथ साहा. १२ जानेवारी १९२४ च्या सकाळी कलकत्त्यात चौरंगीजवळ त्यानं अर्नेस्ट डे नावाच्या, खाजगी कंपनीत नोकरी करणाऱ्या इंग्रजाला गोळ्या घातल्या. त्याला वाटलं होतं हा पोलीस कमिशनर चार्ल्स टेगार्ट. कोर्टात त्यानं सांगितलं की निरपराध माणूस आपल्या हातून मेला याचं दुःख आहे, आणि टेगार्ट वाचला याचंही. त्याचं अपुरं काम दुसरं कुणी पुरं करील अशी आशाही त्यानं बोलून दाखवली. ही दोन दुःखं एकाच तोंडून, एकाच दमात आली. एका बाजूला माणसाचं मोल कळलेलं आहे, दुसऱ्या बाजूला मारण्याचा निश्चय तसाच आहे, आणि दोन्हींचा एकमेकांना धक्का लागलेला नाही. हे ढोंग नव्हे. विशीतल्या माणसाच्या मनात अशा दोन गोष्टी शेजारी शेजारी राहू शकतात. त्या एकमेकींशी भांडायला काही वर्षं जावी लागतात. साहाला ४९ दिवस मिळाले. १ मार्चला त्याला फाशी झाली.

भांडायचं काम मग काँग्रेसनं केलं. सिराजगंजच्या बंगाल प्रांतिक परिषदेनं अहिंसेवरचा विश्वास कायम ठेवून साहाच्या त्यागाचा गौरव करणारा ठराव केला. जून १९२४ च्या अखेरीस अहमदाबादला अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीत गांधीजींनी डेच्या खुनाचा निषेध करणारा ठराव आणला. चित्तरंजन दासांच्या दुरुस्तीच्या बाजूनं ७० मतं पडली, विरुद्ध ७८. आठ मतांनी ठराव वाचला, आणि हा आपला पराभवच आहे असं गांधीजींनी उघड लिहिलं. दास अहिंसा सोडा म्हणत नव्हते. कृत्य चूक, पण त्यामागचा त्याग मोठा, असं म्हणता येतं का, एवढाच वाद होता. तो आजवर मिटलेला नाही. २२ जूनच्या घटनेवर नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी १९७९ साली केलेला मराठी चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकालाही तो स्वतःशी घालावा लागतो.

१७ डिसेंबर १९२८ ला लाहोरमध्ये चुकीच्या ओळखीतून साँडर्स मेला. लाठीमाराचा हुकूम देणारा स्कॉट हे लक्ष्य होतं. खुणेची जबाबदारी असलेल्या जयगोपालनं साँडर्सला स्कॉट समजून खूण केली. पहिली गोळी पुण्याजवळच्या खेडच्या शिवराम हरी राजगुरूनं झाडली, मग भगतसिंगनं. पाठलाग करणाऱ्या चननसिंगला चंद्रशेखर आझादनं मारलं. त्यानंतर लाहोरच्या भिंतींवर जी पत्रकं लागली त्यांत काही नवीन होतं. माणसाचं रक्त सांडावं लागल्याचा खेद त्यांत होता. आणि मेलेला माणूस हा जुलमी सत्तेचा एक हस्तक होता, अशी मांडणीही होती. या मांडणीनं भलत्या माणसाचा प्रश्न वेगळ्याच रीतीनं सुटतो. स्कॉट काय आणि साँडर्स काय, यंत्राचा एक भाग गेला. चापेकरांच्या वेळी एअर्स्ट न बोलता ज्या खात्यात गेला त्याच खात्यात साँडर्स गेला, पण या वेळी विचारपूर्वक, राजकीय सिद्धांताच्या आधारानं. चननसिंग मात्र त्या खात्यात घालता येत नाही, म्हणून असेल, त्याचं नाव आपल्या सांगण्यात क्वचित येतं.

पुढच्या एप्रिलात असेंब्लीत बॉम्ब टाकताना भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी तो मोकळ्या जागेत टाकला आणि कुणाला मारायचं नव्हतं हे ६ जून १९२९ च्या निवेदनात सांगितलं. त्यानंतरची जवळजवळ दोन वर्षं भगतसिंगनं तुरुंगात पुस्तकं वाचत काढली. फेब्रुवारी १९३१ मध्ये तरुण कार्यकर्त्यांसाठी लिहिलेल्या मजकुरात त्यानं स्पष्ट केलं की आपण दहशतवादी नाही, सुरुवातीचा काळ सोडला तर कधीच नव्हतो, आणि त्या मार्गानं काही साधणार नाही अशी आपली खात्री झाली आहे. पुढच्या महिन्यात त्यानं आणि साथीदारांनी गव्हर्नरला लिहिलं की आम्ही युद्धकैदी आहोत, फाशी न देता गोळ्या घाला. दोन्ही त्याचंच आहे. मार्गाबद्दल फेरविचार झाला होता, युद्धाबद्दल नाही. २३ मार्चला तो, सुखदेव आणि राजगुरू गेले, आणि तो फेरविचार पुढे कुठे पोचला असता हे कळायची सोय राहिली नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीला, १४ डिसेंबर १९३१ ला, कोमिल्लात शांती घोष आणि सुनीती चौधुरी या दोन शाळकरी मुली पोहण्याच्या शर्यतीचा अर्ज घेऊन मॅजिस्ट्रेट स्टीव्हन्सच्या बंगल्यावर गेल्या आणि त्याला गोळ्या घातल्या. शांती पंधरा वर्षांची, सुनीती चौदा. मिदनापूरला तर १९३१ ते १९३३ या काळात पेडी, डग्लस, बर्ज असे लागोपाठ तीन मॅजिस्ट्रेट मारले गेले. इथे आता कुणी भलता माणूस मरणं शक्यच नव्हतं. खुर्चीवर बसेल तो. पुण्यात रँडच्या कृत्यांची यादी होती. चौतीस वर्षांनी कृत्यांची यादी लागेनाशी झाली. एकाच वर्षात लाहोरच्या कोठडीत एक तरुण या वाटेवरून परत फिरत होता आणि बंगालमधली मुलं तीच वाट टोकाला नेत होती.

वय कमी म्हणून शांती आणि सुनीतीला फाशी झाली नाही, जन्मठेप झाली. १९३९ साली त्या सुटल्या. सुनीती डॉक्टर झाली. शांती पश्चिम बंगालच्या राजकारणात आली आणि तिनं ‘अरुणबह्नि’ नावानं आठवणी लिहिल्या. ज्यांना आपण हुतात्मे म्हणतो त्यांच्यापैकी कुणालाही वयाच्या चाळिशीत मागे वळून लिहायला मिळालं नाही. धिंग्राला कृत्यानंतर ४७ दिवस मिळाले, साहाला ४९, खुदीरामला १०३. आपण या मुलांचे शेवटचे शब्द त्यांचा अंतिम विचार म्हणून वाचतो, आणि पुतळ्याखाली कोरतो. खरं तर तो विचार सरकारनं दोर लावून मधेच तोडलेला आहे. भगतसिंगचं उदाहरण मोठं आहे, पण त्याच्या मोठेपणातला एक भाग त्याला मिळालेल्या दोन वर्षांचाही आहे.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यानं सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांवर, गुन्हा अतिगंभीर असेल तर, प्रौढांसारखा खटला चालवायची वाट मोकळी केली. त्याआधी मंडळानं ठरवायचं असतं की गुन्ह्याचे परिणाम समजण्याची क्षमता त्या मुलाकडे होती का. ही समज गुन्ह्याच्या दिवशी एकदा मोजून घेता येते असं त्यात धरलं आहे. वर जे तरुण आले ते आजच्या गुन्हेगार मुलांसारखे नव्हते. त्यांची कारणं आणि त्यांचा काळ वेगळा होता. पण मारल्यानंतर कळणं हळूहळू येतं, आधी मारण्याचं कारण सुचतं आणि मेलेला माणूस नंतर दिसू लागतो, हा क्रम त्यांच्या जबाबांत पुन्हा पुन्हा दिसतो. काहींना तो माणूस दिसण्याइतका वेळ मिळाला, बहुतेकांना मिळाला नाही.

त्यामुळे या तरुणांचं जे काही लिहिलेलं, बोललेलं, भाषांतरित झालेलं आपल्या हाती आहे ते वाचताना एअर्स्ट, केनेडी मायलेकी, लालकाका, डे, साँडर्स आणि चननसिंग ही नावं शेजारी ठेवून वाचावं, एवढं माझं म्हणणं आहे. त्यानं कुणाचा त्याग लहान होत नाही. ही मुलं कशाशी झगडत होती ते मात्र पुरतं कळतं.